‘रिस्क ॲपेटाइट’ची पोर्तुगीज पंगत

वाक्य इंग्रजीत आठ शब्दांचं होतं: ‘रिस्क ॲपेटाइट इज नॉट ॲन ॲपेटाइट फॉर रिस्क.’ बँकेच्या प्रशिक्षणाची स्लाइड, निळी पट्टी, मोठी अक्षरं. ज्याने कुणी लिहिलं तो त्या दिवशी स्वतःवर खूश असणार. साओ पाउलोतल्या वर्गात तीच स्लाइड पडद्यावर आली तेव्हा तिच्यावर माझं पोर्तुगीज होतं: ‘आपेचीची पोर रिस्कुस नाउं ए आपेचीची पोर रिस्कुस.’ म्हणजे, जोखमींची भूक म्हणजे जोखमींची भूक नव्हे.

वर्ग हसला. शिकवणाराही हसला आणि त्याने फोनवर फोटो काढला. तो फोटो ब्राझीलमधून पुण्यात आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरकडे आला आणि तिथून माझ्या व्हॉट्सॲपवर. खाली एकच ओळ: “मॅडम, हे आपलंच का?”

आपलंच होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. पुण्यातली एक कंपनी बँकांसाठी जोखमीचे अहवाल तयार करणारं सॉफ्टवेअर बनवते. तिचं एक गिऱ्हाईक लिस्बनला, दुसरं साओ पाउलोला. सॉफ्टवेअरमधला मदत-मजकूर आणि प्रशिक्षणाच्या स्लाइड इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये न्यायच्या होत्या. भाषांतर नेहमी मातृभाषेत करावं असा या धंद्यातला दंडक आहे, आणि माझी मातृभाषा मराठी. पण पणजीला शिकलेलं पोर्तुगीज आणि बँकेच्या कागदपत्रांची काही वर्षांची सवय, एवढ्या भांडवलावर पहिला मसुदा माझ्याकडे आला. तपासणीला एक रिव्ह्युअर लिस्बनमध्ये, एक साओ पाउलोमध्ये. बजेट मात्र एकाच पोर्तुगीजचं. ‘आधी मधलं पोर्तुगीज करा, मग दोघांना हवे ते शब्द बदलून द्या,’ असं ठरलं. मधलं पोर्तुगीज नावाची भाषा अटलांटिकच्या मध्यावरही कुणी बोलत नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण काम हवं होतं.

आता मूळ शब्द. ‘रिस्क ॲपेटाइट’ बँकांच्या बोलण्यात आधीही होता, पण त्याला वजन आलं ते 2008च्या पडझडीनंतर. बँकांनी किती आणि कसल्या जोखमी पोटात घेतल्या होत्या हे त्यांच्याच संचालक मंडळांना सांगता येत नव्हतं. म्हणून फायनान्शियल स्टॅबिलिटी बोर्ड या आंतरराष्ट्रीय संस्थेने नोव्हेंबर 2013 मध्ये याबद्दलची तत्त्वं काढली आणि शब्दांची रांग लावून दिली. आपलं उद्दिष्ट गाठण्यासाठी संस्था एकूण किती आणि कोणत्या प्रकारची जोखीम घ्यायला राजी आहे, ते ॲपेटाइट. हाताशी असलेल्या साधनांत जास्तीत जास्त किती पेलू शकते, ती कपॅसिटी. आणि ठरलेलं प्रमाण विभागाविभागाला वाटून दिलं की त्या लिमिट. म्हणजे इथला ॲपेटाइट हा पोटात ओरडणारा कावळा नव्हे. पंगतीला बसण्याआधी शांत डोक्याने ठरवलेलं, लिहून संचालक मंडळाने मंजूर केलेलं, ‘मी आज एवढं जेवणार’. निळ्या पट्टीतल्या वाक्याला हेच सांगायचं होतं: हे ठरवलेलं माप आहे, खा-खा नाही.

इंग्रजीला हे आठ शब्दांत जमतं, कारण दोन नामं शेजारी ठेवली की तिचं काम भागतं. ‘रिस्क’ आणि ‘ॲपेटाइट’ यांचं नातं काय, हे ती सांगत नाही. मधे ‘फॉर’ आला की नातं उघडं पडतं. तेच दोन शब्द, एकदा नातं झाकून आणि एकदा उघडून, चमत्कृती एवढीच. आपल्याकडेही समास आहे. ‘जोखीमभूक’ म्हटलं की विग्रह ऐकणाऱ्याने करायचा, ‘जोखमीची भूक’ म्हटलं की बोलणाऱ्यानेच केलेला. पोर्तुगीजमध्ये असा आडोसा जवळजवळ नाही. दोन नामांच्या मधे काहीतरी बोलावंच लागतं: ‘द’, ‘आ’, ‘पोर’, ‘पेलु’, ‘पारा’. आपल्या शब्दयोगी अव्ययांचं जे काम, तेच त्यांचं, फक्त ती नामाच्या आधी बसतात. आणि सगळी भानगड त्या एका-दोन अक्षरांतच होती.

ब्राझीलचं पाहू. तिथल्या नियोजन मंत्रालयाने आणि महालेखानियंत्रकाच्या धर्तीच्या सीजीयू या संस्थेने 10 मे 2016 रोजी सरकारी खात्यांसाठी संयुक्त सूचना काढली, तिच्यात ‘आपेचीची आ रिस्कु’ आहे. जोखीम व्यवस्थापनाच्या आयएसओ शब्दसूचीच्या ब्राझिली आवृत्तीत ‘आपेचीची पेलु रिस्कु’. आणि बँकांना लागू असलेला राष्ट्रीय चलन परिषदेचा ठराव क्रमांक 4557, दिनांक 23 फेब्रुवारी 2017, ‘देक्लारासांउं जि आपेचीची पोर रिस्कुस’ मागतो. म्हणजे जोखमींच्या भुकेचं निवेदन. एक देश, तीन अधिकृत कागद, तीन अव्ययं.

हे वरवर किरकोळ वाटतं, पण नाही. ‘आ’ हे अव्यय मला वाटतं ‘आवेर्सांउं आ’ म्हणजे ‘ची नावड’ आणि ‘तोलेरान्सिया आ’ म्हणजे ‘ची सहनशीलता’ यांच्या ओढीने आलं. शेजारच्या ताटातला पदार्थ पाहून मागवावा तसं. व्याकरणाचे जुने शिक्षक त्यावर नाक मुरडतात. ‘पेलु’ म्हणजे ‘पोर’ अधिक ‘उ’ हे निश्चित उपपद, म्हणून ‘पेलु रिस्कु’ म्हणजे सरसकट जोखीम नावाच्या गोष्टीबद्दलची ओढ. जुगाऱ्याची असते तशी. आणि ‘पोर रिस्कुस’ हे अनेकवचन, उपपद नाही: कर्जाची जोखीम, बाजाराची, रोखतेची, कामकाजातल्या चुकांची, अशा वेगवेगळ्या जोखमी, एकेक मोजून. ठराव लिहिणाऱ्याने ‘रिस्कुस’ला तो एक ‘स’ लावून तत्त्वांमधलं ‘कोणत्या प्रकारची’ हे अख्खं कलम आत बसवलं. कायद्याच्या मसुद्याला मी सहसा दाद देत नाही, इथे दिली.

जाता जाता आणखी एक गंमत. त्या निवेदनाचं पोर्तुगीज नाव असं घसघशीत असूनही ठरावात कंसात संक्षेप आहे तो इंग्रजी ‘रिस्क ॲपेटाइट स्टेटमेंट’वरून घेतलेला, ‘आरएएस’. पोर्तुगीज आद्याक्षरं घेतली असती तर ‘दार’ झालं असतं, आणि ‘दार’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये ‘देणे’. ‘बँकेने आपलं देणं सादर करावं’ असं ऐकू आलं असतं. इंग्रजी अक्षरं ठेवण्यामागे हेच कारण असेल असं मी म्हणत नाही.

लिस्बनची तऱ्हा वेगळी. युरोपीय महासंघाच्या नियमांच्या पोर्तुगीज मजकुरात आणि त्यावरून बेतलेल्या तिथल्या बँकिंग कायद्यात ‘आपेतीत’ला फारसं स्थान नाही, तिथे ‘आपेतेंस्या’ भेटतो. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे, ‘एखाद्या गोष्टीकडे झेपावणे’ या अर्थाच्या क्रियापदापासूनचे. पण ‘आपेतीत’ स्वयंपाकघरात राहिला (जेवायला बसताना ‘बों आपेतीत’ म्हणतात तोच) आणि ‘आपेतेंस्या’ शिकून-सवरून सरकारी नोकरीत लागला. त्याला अन्नाचा वास येत नाही. कल, प्रवृत्ती, ओढ असा काहीसा अर्थ. लिस्बनच्या बँकवाल्यांच्या बोलण्यात ‘आपेतीत’ सर्रास असतो, पण लेखी मजकुरात आमच्या रिव्ह्युअरबाईंना तो नको होता. त्यांचा शेरा असा होता की नियामकाला पाठवायच्या कागदावर पोट दिसू नये.

उच्चाराचंही सांगून टाकते, कारण वर दोन तऱ्हांनी लिहिलंय. तोच शब्द लिस्बनमध्ये ‘आपेतीत’ असा शेवटचा स्वर गिळून येतो आणि साओ पाउलोत ‘आपेचीची’ असा शेवटपर्यंत वाजवून. ‘रिस्कु’चाही लिस्बनमध्ये ‘रिश्कु’ होतो. ‘आपेतीत’ दोघांच्या तोंडून लागोपाठ ऐकला तर एकच शब्द आहे यावर विश्वास बसत नाही.

आता चूक कशी झाली ते.

माझ्या मधल्या पोर्तुगीजमधल्या पहिल्या मसुद्यात ते वाक्य खरं तर बरं होतं. संज्ञेसाठी मी ‘आपेतीत द रिश्कु’ घेतलं होतं आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी ‘आपेतीत पेलु रिश्कु’. ‘द’ म्हणजे नुसतं नातं, कसलं ते न सांगणारं. ‘पेलु’ म्हणजे उघड ओढ. ‘आपेतीत द रिश्कु म्हणजे आपेतीत पेलु रिश्कु नव्हे.’ इंग्रजीची झाकपाक मी अव्ययांवर पेलली होती आणि मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली होती.

लिस्बनहून शेरा आला: संज्ञा ‘आपेतेंस्या पेलु रिश्कु’ करा. केली. वाक्य झालं ‘आपेतेंस्या पेलु रिश्कु म्हणजे आपेतीत पेलु रिश्कु नव्हे.’ शिकलेला भाऊ आणि स्वयंपाकघरातला भाऊ समोरासमोर. बाईंनी ‘शब्दांचा खेळ वाटतो, पण चालेल’ असं लिहून पास केलं.

साओ पाउलोच्या रिव्ह्युअरने मात्र यादी पाठवली. व्यवस्थित माणूस, मजकुरात ब्राझिली वाचकाला खटकतील अशी सगळी रूपं त्याने गोळा केली होती. ‘द’, ‘आउ’ (म्हणजे ‘आ’ अधिक उपपद) आणि ‘पेलु’, तिन्हीच्या जागी ठरावाप्रमाणे ‘पोर रिस्कुस’ करावं. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. शुक्रवारची संध्याकाळ होती, सोमवारी डिलिव्हरी. मी कॅट टूल, म्हणजे भाषांतराचं सॉफ्टवेअर, उघडलं, तीन वेळा फाइंड-रिप्लेस केलं, तिन्ही वेळा ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. टूलने किती जागी बदल झाले ते सांगितलं, मी मान डोलावली. मग क्यूए चालवला. हा तपासणीचा प्रकार ग्लॉसरीतली संज्ञा मूळ वाक्यात आहे आणि भाषांतरात नाही, असं दिसलं की लाल खूण करतो. आमच्या वाक्यात संज्ञा एकदा हवी होती, ती दोनदा होती. हिरवी टिकली. इतकं निर्दोष सेगमेंट (टूल एकेका वाक्याला हेच म्हणतं) त्या फाइलमध्ये दुसरं नसेल.

वाक्याच्या दोन टोकांमधला फरक मी ज्या दोन अव्ययांवर टांगला होता, ती दोन्ही मीच एका दमात सपाट केली. यंत्राचा दोष म्हणायला जागा होती, पण यंत्राने सांगितलं तेवढंच केलं. तपासणाऱ्याने फक्त संज्ञा तपासल्या, वाक्य पुन्हा वाचलं नाही, कारण त्याला वाक्य आधीच पास वाटत होतं. आणि मूळ दुखणं त्या ‘मधल्या’ पोर्तुगीजचं: दोन स्वतंत्र भाषांतरं केली असती तर रिप्लेस करायला काही उरलंच नसतं.

व्हॉट्सॲपवरचा फोटो आला त्या रात्री दुरुस्ती पाठवायची होती. इंग्रजी वाक्याकडे जितकं बघावं तितकं ते जास्त हुशार दिसायला लागलं. शेवटी मी ते बंद केलं आणि स्वतःला मराठीत विचारलं: अगं, म्हणायचं काय आहे त्याला? आणि तोंडून आलं, ‘हौस नव्हे.’ तयारी आहे, हौस नाही. एकदा ‘हौस’ सापडल्यावर पोर्तुगीज शोधणं सोपं झालं.

पहिला पर्याय ‘फोमि’, म्हणजे चक्क भूक. ‘आपेचीची पोर रिस्कुस म्हणजे फोमि जि रिस्कु नव्हे.’ मला आवडला होता. रिव्ह्युअरने पाच मिनिटांत परत केला. ब्राझीलमध्ये ‘फोमि जि गोल’ म्हणजे गोलची भूक, आणि ती स्ट्रायकरची तारीफ असते. जो चेंडू पायातून सोडतच नाही, कुणाला पासच देत नाही, त्याला ‘फोमिन्या’ म्हणतात. तोही शब्द निम्मा शिवी, निम्मा लाडाचा. वर्गातले निम्मे लोक ‘फोमि’ ऐकून खूश झाले असते की बँकेला आपल्यात स्ट्रायकर हवेत. नकोच.

दुसरा ‘गोस्तु’: चव, आवड, हौस. ‘गोस्तु पेलु रिस्कु’ हा पोर्तुगीजमध्ये रुळलेला प्रयोग आहे. मोटारशर्यतीतल्या ड्रायव्हरबद्दल, पत्त्यांवर पैसे लावणाऱ्याबद्दल, डोंगरावर दोरी न बांधता चढणाऱ्याबद्दल म्हणतात तो. जोखमीतच ज्याला मजा येते तो. वाक्य झालं: संचालक मंडळाने जाहीर केलेला ‘आपेचीची पोर रिस्कुस’ म्हणजे ‘गोस्तु पेलु रिस्कु’ नव्हे. इंग्रजीतली चमत्कृती गेली, वाक्य दुपटीने लांब झालं, निळ्या पट्टीत दोन ओळी लागल्या. डिझाइनरने कुरकूर केली. पण कोण ठरवतं आणि काय ठरवतं हे इंग्रजीने गाळलेलं आता उघड लिहिलेलं होतं, आणि बँकेच्या प्रशिक्षणात तेच तर शिकवायचं असतं. मूळ वाक्य खरं म्हणजे ज्याला आधीच कळलंय त्यालाच कळतं असं माझं मत त्या रात्री झालं, ते अजून तसंच आहे. लिस्बनच्या फाइलमध्येही मग ‘गोस्तु’च टाकला, बाईंनी शब्दांचा खेळ गेल्याचा आनंद कळवला.

स्लाइडच्या पुढच्या पानावर दोन इंग्रजी म्हणी होत्या. धाडस नाही तर लाभ नाही, या अर्थाची एक आणि नंतर हळहळण्यापेक्षा आधी जपलेलं बरं, अशी दुसरी. त्यांच्याकडे वळले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी मी इतकी वर्षं पोर्तुगीज वाचूनही पाहिली नव्हती. इंग्रजीने ॲपेटाइट हा शब्द जोखमीला जोडला म्हणून आम्ही एवढा घोळ घालत बसलो, आणि पोर्तुगीजमध्ये जोखीम आधीपासून जेवणाच्या टेबलावरच बसलेली होती.

पहिल्या म्हणीला पोर्तुगीजमध्ये आहे ‘कें नाउं आरिश्का, नाउं पेतिश्का’. जो जोखीम घेत नाही, त्याला चाखायला मिळत नाही. ‘पेतिश्कु’ म्हणजे गुत्त्यात ग्लासाबरोबर येणारी बशी: ऑक्टोपसचं सॅलड, लसूण-कोथिंबिरीतल्या तिसऱ्या, उन्हाळ्यात लिस्बनकर टाचणीने उकरून खातात त्या गोगलगायी. त्याला आपल्याकडे ‘चखणा’ हाच शब्द, दुसरा शोधू नये. इंग्रजी म्हणीत नुसता नफा आहे. पोर्तुगीज म्हणीत बक्षीस म्हणून चखणा आहे. राज्य नाही, संपत्ती नाही, एक बशी. हे प्रमाण मला फार शहाणपणाचं वाटतं. बाईंना मात्र जोखीम विभागाच्या स्लाइडवर गुत्त्याचा वास नको होता. साओ पाउलोवाल्याला तो हवाच होता. दोघांना आपापलं मिळालं: लिस्बनच्या फाइलमध्ये सरळ वाक्य, ब्राझीलच्या फाइलमध्ये चखणा.

दुसऱ्या म्हणीला ‘उ सेगूरु मोऱ्हेउ द वेल्यु’, म्हणजे सांभाळून राहणारा म्हातारपणाने मेला. मधल्या कशाने नाही. पण ‘सेगूरु’ म्हणजे सुरक्षित आणि ‘सेगूरु’ म्हणजे विमासुद्धा. विमा विकणाऱ्या बँकेच्या वर्गात ही म्हण लावली की ‘विमा म्हातारा होऊन मेला’ असं ऐकणारे दोघेतिघे निघतातच. म्हणून दुसरी घेतली, जी दोन्हीकडे चालते. पोर्तुगालमध्ये म्हणतात, सावधपणाने आणि कोंबडीच्या रश्श्याने आजवर कुणाचं वाईट झालं नाही. ब्राझीलमध्ये तीच, फक्त रश्श्याच्या जागी ‘कांजा द गालिन्या’.

ही कांजा म्हणजे कोंबडीच्या पाण्यात तांदूळ घालून केलेलं पातळ सूप. आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात. आणि शब्द आपल्या किनाऱ्याचा: मलयाळममधली ‘कञ्ञि’, आपली कांजी. पोर्तुगीजांनी मलबारात उचलली आणि गलबतातून जगभर नेली. पोर्तुगीजमध्ये आलेल्या अशा आशियाई शब्दांचा मोठा कोश 1919 ते 1921 मध्ये दोन खंडांत ज्यांनी काढला ते मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु बारदेशातल्या आसगावचे. साओ पाउलोतल्या बँकवाल्याला सावधपणा शिकवायला शेवटी तांदळाची पेजच कामी आली, याचा मला उगाचच आनंद झाला. लिस्बनमध्ये ‘ए कांजा!’ म्हणजे ‘हे तर अगदी सोपं!’ असाही अर्थ आहे, हे मी त्या आठवड्यात कुणाला सांगितलं नाही.

खुद्द ‘रिश्कु’ शब्दाला मात्र अन्नाचा नाही, खाऱ्या पाण्याचा वास. 12व्या शतकातल्या जिनोव्हाच्या नोटरींच्या लॅटिन करारांत ‘रेसिकुम’ दिसतो, तो गलबत आणि माल यांच्या संदर्भात. त्याच्या मागे ग्रीक आहे की अरबी, यावर विद्वानांचं एकमत नाही. पोर्तुगीजांनी हा शब्द चांगलाच कामाला लावला. विम्यावरचा पहिला पद्धतशीर ग्रंथ मानतात तो पेद्रु द सांतारें या पोर्तुगीज कायदेपंडिताचा, व्हेनिसमध्ये 1552 मध्ये छापलेला. आणि 1888च्या पोर्तुगीज व्यापारी संहितेत ‘कोंत्रातु द रिश्कु’ नावाचं वेगळं प्रकरणच आहे: गलबतावर किंवा मालावर पैसे उसने द्यायचे, गलबत सुखरूप पोचलं तर मुद्दल आणि वर ठरलेला लाभ, बुडालं तर सावकाराने पाणी सोडायचं. आपल्याकडच्या पेढ्यांवर चालणारी जोखमी हुंडी याच जातीची. माल पोचला तरच हुंडीचे पैसे, वाटेत गेला तर नाही. म्हणजे जोखमीला कागदावर आणून विकणं दोन्ही किनाऱ्यांना ठाऊक होतं, एकमेकांना न विचारता. याच करारांच्या वळणाचा ‘पोर सूआ कोंता ई रिश्कु’, म्हणजे तुमच्या हिशेबाने आणि तुमच्या जोखमीवर, हा प्रयोग आज पोर्तुगालमध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या साध्या पाटीतही खपून जातो.

(‘रिश्कु’चा दुसरा अर्थ रेघ, ओरखडा. पोर्तुगालमध्ये केसांतल्या भांगालाही ‘रिश्कु’ म्हणतात. शब्द वेगळे, फक्त सारखे दिसणारे. पण जोखमीचं माप ठरवणं म्हणजे रेघ ओढणं, असं समजावताना हा योगायोग मी निर्लज्जपणे वापरते.)

प्रकरण इथे मिटलं असतं. पण काही महिन्यांनी त्याच कंपनीने तोच अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या एका नागरी सहकारी बँकेला विकला आणि मला फोन आला: “मॅडम, आता मराठी. हे तर तुमचं घरचं.”

घरचं असतं तेच अवघड. ‘भूक’ घेऊन बघितली. आपल्या भाषेत भूक ही निवडीची गोष्ट नाही, ती अडचण आहे. भुकेला कोंडा, निजेला धोंडा. भुकेलेला माणूस माप ठरवत नाही, समोर येईल ते खातो. म्हणजे संज्ञेला हवं त्याच्या बरोबर उलट. ॲपेटाइटला नेमका जुना मराठी शब्द आहे तो ‘वासना’. आजी तापातून उठलेल्या माणसाबद्दल म्हणायची, ‘अजून अन्नावर वासना नाही हो त्याची.’ शब्द अगदी चपखल. पण ‘संचालक मंडळाची जोखीम-वासना’ अशी स्लाइड लावायची माझी हिंमत झाली नाही. ‘मर्यादा’ म्हणावं तर ती लिमिटसाठी राखलेली. ‘क्षमता’ कपॅसिटीला जाते, आणि तिथेही मला ‘ऐपत’ जास्त आवडला. अंथरूण पाहून पाय पसरावेत यातलं अंथरूण म्हणजे ऐपतच. शेवटी रांग अशी लागली: घेण्याची तयारी, पेलण्याची ऐपत, ओलांडायची नाही ती मर्यादा. आणि निळ्या पट्टीतलं वाक्य: ‘जोखमीची तयारी म्हणजे जोखमीची हौस नव्हे.’ सहा शब्द. इंग्रजीपेक्षा दोन कमी. पोर्तुगीजमध्ये दोन ओळी लागल्या होत्या, म्हणून हे मुद्दाम मोजलं.

या वेळी फाइल देण्याआधी ते सेगमेंट मी कुलूपबंद केलं, आणि वर्ग होता त्या दिवशी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. शिकवायला एक निवृत्त बँक अधिकारी होते. ‘तयारी’ आणि ‘ऐपत’ त्यांनी नीट समजावलं. वसुली विभागातला एक जण म्हणाला, “सर, भूक-तयारीचं राहू द्या, आम्हाला अजीर्ण झालंय.” थकीत कर्जांची यादी सगळ्यांना पाठ होती, त्यामुळे हशा पिकला. मग निळी पट्टी आली. समोरच्या रांगेतले एक वयस्कर संचालक वाक्य वाचून म्हणाले, “पण साहेब, हौसेला मोल नसतं.”

“असतं की,” शिकवणारे म्हणाले. “एका कर्जदाराला तुमच्या टियर-वन भांडवलाच्या पंधरा टक्के. रिझर्व्ह बँकेचं मार्च 2020चं परिपत्रक. गट असेल तर पंचवीस. पुढची स्लाइड.”